माहितीचे बिऱ्हाड

विद्यार्थी मित्रांनो, बिऱ्हाड हलवण्याचा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. सामान टेंपोत चढवताना आई डबे मोजते, बाबा कपाटाच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात ठेवतात, आणि नव्या घरी पोहोचल्यावर सगळे पुन्हा एकदा मोजून घेतले जाते. एखादा डबा कमी भरला तर जुन्या घरी माणूस धाडला जातो. फोन बदलणे हेसुद्धा एक बिऱ्हाड हलवणेच आहे. नवा फोन ताईला, ताईचा जुना फोन धाकट्या भावाला, अशी अदलाबदल हल्ली घरोघरी होते. पण जुन्या फोनमधले काय काय नव्यात आले आणि काय मागे राहिले, याची मोजदाद आपल्यापैकी किती जण करतात?

एक उदाहरण घेऊ. समजा, औंधच्या शाळेतील नववीची एक विद्यार्थिनी विज्ञान प्रदर्शनासाठी आपल्या शेतातील विहिरीच्या पाण्याची पातळी दर आठवड्याला मोजते आहे. औंध हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतले गाव. विहिरीत पाणी किती उरले हा तेथे केवळ पुस्तकी प्रश्न नसतो. तिने ५२ आठवड्यांच्या नोंदी फोनमधील एका नोंदवहीच्या अ‍ॅपमध्ये केल्या. मग घरात नवा फोन आला. प्ले स्टोअरवरून तिने तेच अ‍ॅप उतरवून घेतले. नाव तेच, चित्र तेच. पण उघडून पाहते तो आत कोरे पान! अ‍ॅप आले, नोंदी काही आल्या नाहीत.

असे का होते, त्यावर उपाय काय, आणि या बाबतीत आपला हक्क कोणता, याचा विचार आपण येथे करणार आहोत. माझे मत आधीच सांगून टाकतो. ज्याने नोंद केली त्याला ती स्वतःच्या हाताने बाहेर काढता आली पाहिजे, तपासून घेता आली पाहिजे आणि हवी तेथे नेता आली पाहिजे. आणि हे कसे करायचे ते शाळेतच शिकवले गेले पाहिजे.

भांडे वेगळे, धान्य वेगळे

अ‍ॅप म्हणजे एक आज्ञावली. अमुक बटण दाबले की अमुक करावे, अशा सूचनांचा तो संच असतो. अँड्रॉइड फोनमध्ये हा संच 'एपीके' नावाच्या फाइलमध्ये बांधलेला असतो आणि त्यावर ते अ‍ॅप तयार करणाऱ्याची अंकीय सही असते. तुमच्या फोनमधील कॅलक्युलेटर आणि त्याच आवृत्तीचा तुमच्या मित्राच्या फोनमधील कॅलक्युलेटर यांत आज्ञावलीच्या दृष्टीने फरक नसतो.

माहितीची गोष्ट मात्र निराळी आहे. तुम्ही केलेल्या नोंदी, काढलेली टिपणे, मोजमापे ही फक्त तुमची असतात. भांडे बाजारात पुन्हा मिळते. त्यातले धान्य तुमच्या शेतातले असते. प्ले स्टोअर आपल्याला भांडे पुन्हा देते. धान्य आणायची जबाबदारी त्याने घेतलेलीच नसते. म्हणून फोन बदलताना दोन वेगळे प्रश्न विचारायला हवेत. आज्ञावली आली का? आणि माहिती आली का?

आज्ञा टंकून काम

आता उपायाकडे वळू. अँड्रॉइडसाठी अ‍ॅप्स लिहिणाऱ्यांना गूगल कंपनी 'अँड्रॉइड डीबग ब्रिज' नावाचे एक साधन मोफत देते. आद्याक्षरांवरून त्याला एडीबी म्हणतात. ब्रिज म्हणजे पूल. फोन आणि संगणक यांना जोडणारा हा पूल आहे. त्याचे तीन भाग असतात. एक भाग संगणकावर आपण टंकलेली आज्ञा घेतो. दुसरा त्याच संगणकात पडद्याआड राहून निरोपांची ने-आण करतो. तिसरा फोनमध्ये बसून आज्ञा पार पाडतो आणि उत्तर परत पाठवतो.

हा पूल एरवी बंद असतो. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर' अशी एक ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट टेकवले की 'डेव्हलपर ऑप्शन्स' हा विभाग उघडतो. त्यातील 'यूएसबी डीबगिंग' चालू करून केबलने फोन संगणकाला जोडला की फोन आपल्याला विचारतो, 'या संगणकाला परवानगी द्यायची का?' आपण होकार दिल्यावरच दळणवळण सुरू होते.

मग संगणकावर आज्ञा टंकायच्या. त्या रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात. येथे मी त्यांचे उच्चार देत आहे. 'एडीबी डिव्हाइसेस' म्हटले की जोडलेल्या फोनांची यादी येते. 'एडीबी शेल पीएम लिस्ट पॅकेजेस' म्हटले की फोनमधील सर्व अ‍ॅप्सची यादी येते. 'एडीबी शेल पीएम पाथ' असे लिहून पुढे अ‍ॅपचे पूर्ण नाव दिले की त्याची एपीके फाइल फोनमध्ये कोठे ठेवली आहे तो पत्ता कळतो. 'एडीबी पुल' आणि तो पत्ता दिला की फाइल संगणकात येते. मग दुसरा फोन जोडून 'एडीबी इन्स्टॉल' म्हटले की अ‍ॅप तेथे बसते. हल्ली पुष्कळ अ‍ॅप्स एका फाइलीऐवजी अनेक तुकड्यांत येतात. तेव्हा सगळे तुकडे आणून 'एडीबी इन्स्टॉल-मल्टिपल' ही आज्ञा वापरावी लागते. छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रे अशा साध्या फाइली 'पुल'ने आणता येतात आणि 'पुश'ने नव्या फोनमध्ये ठेवता येतात. आयफोनसाठी एडीबी चालत नाही; त्यासाठी 'लिबआयमोबाइलडिव्हाइस' नावाची मोफत साधने आहेत.

तुम्ही म्हणाल, 'बोटाने बटण दाबून होणाऱ्या कामासाठी एवढा खटाटोप कशाला?' प्रश्न रास्त आहे. नवा फोन घेताना कंपनी 'जुन्या फोनमधून सर्व आणा' अशी सोय देते आणि ती बऱ्याच गोष्टी आणतेही. पण काय आणले नाही, हे ती सहसा नीट सांगत नाही. 'पूर्ण झाले' एवढेच पडद्यावर दिसते. उलट, 'एडीबी पुल' ही आज्ञा काम संपल्यावर किती फाइली आणल्या, किती वगळल्या आणि एकूण किती बाइट आले याचा हिशेब देते. डबे मोजून घेण्याची सवय या साधनात मुळातच आहे. शिवाय टंकलेली आज्ञा वहीत जशीच्या तशी उतरवून ठेवता येते. ती दुसऱ्याला देता येते, सहा महिन्यांनी पुन्हा वापरता येते. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगवहीत आपण 'कृती' लिहितो ती याचसाठी. वाचून दुसऱ्याला तसाच करता येत नाही, तो प्रयोग कसला?

चाळीतील खोल्या

परंतु येथे एक अडचण उभी राहते. विद्यार्थिनीच्या नोंदी 'पुल' म्हटल्याने येतीलच असे नाही.

अँड्रॉइडचा गाभा लिनक्स या प्रणालीचा आहे. एकाच संगणकावर अनेक माणसांनी एकमेकांच्या कागदांना हात न लावता काम करावे, अशी लिनक्समध्ये व्यवस्था असते. अँड्रॉइडने तिचा मोठा चतुर उपयोग केला. त्याने माणसांच्या जागी अ‍ॅप्स ठेवली. प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र वापरकर्ता-क्रमांक आणि माहिती ठेवायला स्वतंत्र कप्पा मिळतो. चाळीतील खोल्यांसारखी ही रचना आहे. शेजारच्या भाडेकरूला आपल्या खोलीत शिरता येत नाही. खेळाच्या अ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपमधले काही दिसत नाही ते यामुळेच. रचना उत्तम आहे यात शंका नाही.

गंमत अशी, की चाळीचा मालक जो तुम्ही, त्या तुमच्याकडेही या खोल्यांच्या किल्ल्या नसतात! २०११ साली आलेल्या अँड्रॉइड ४.० मध्ये 'एडीबी बॅकअप' ही आज्ञा मिळाली. ज्या अ‍ॅप्सनी मनाई केलेली नाही त्यांची माहिती तिने बाहेर काढता येत असे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून हे दार बव्हंशी बंद झाले. त्या आवृत्तीसाठी किंवा पुढच्या आवृत्त्यांसाठी तयार केलेल्या सर्वसाधारण अ‍ॅपची माहिती या आज्ञेने आता निघत नाही.

बँकेच्या अ‍ॅपने असे करावे हे मला पूर्णपणे मान्य आहे. त्याच्या गुप्त किल्ल्या फोनमधील सुरक्षित भागात तयार होतात आणि तेथून बाहेर पडू नयेत हेच योग्य. पण विहिरीच्या पातळीच्या ५२ आकड्यांना बँकेची तिजोरी कशाला? त्या आकड्यांची मालकीण उन्हातान्हात दोर सोडून ते मोजणारी मुलगी आहे. तिला ते बाहेर काढण्याची वाट ठेवणे हे अ‍ॅप करणाऱ्याचे कर्तव्य आहे, ती काही त्याची मेहेरबानी नव्हे.

नंबर नेता येतो, नोंदी का नाहीत?

हे मत काही जगावेगळे नाही. तुमच्या घरात कोणी ना कोणी मोबाइलची कंपनी बदलून नंबर मात्र तोच ठेवला असेल. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर मिळाली. त्यापूर्वी कंपनी बदलली की नंबर गेला, म्हणून नाराज ग्राहकही नाइलाजाने जुन्याच कंपनीत राहत. नियम झाला आणि नंबर ग्राहकाच्या मागून चालू लागला.

युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांत हेच तत्त्व व्यक्तिगत माहितीला लावलेले आहे. आपण दिलेली माहिती संगणकाला वाचता येईल अशा प्रचलित स्वरूपात परत मागण्याचा आणि दुसऱ्याकडे नेण्याचा हक्क त्यांच्या विसाव्या कलमात आहे. आपल्याकडे २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या विधेयकात असा हक्क होता. ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेतले गेले. पुढे २०२३ मध्ये जो कायदा संमत झाला त्यात आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करवण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क आहे. ती उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्क मात्र त्यात नाही. ही उणीव भरून निघावी असे मला वाटते.

औंधचा धडा

पण समजा, उद्या कायद्याने हा हक्क दिला, तर प्रश्न सुटेल का? याचे उत्तर शोधताना मला औंधच्याच इतिहासाची आठवण होते.

औंध हे पूर्वी ७२ गावांचे एक लहानसे संस्थान होते. आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत त्याची बरीचशी गावे विखुरलेली होती. तेथील राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याची घोषणा केली, आणि जानेवारी १९३९ मध्ये औंधचे स्वराज्य संविधान अमलात आले. त्यामागे महात्मा गांधींचा सल्ला, युवराज अप्पासाहेब पंत यांचा उत्साह आणि मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याचे परिश्रम होते. या संविधानात मताच्या हक्काला लिहितावाचता येण्याची अट जोडलेली होती.

ही अट योग्य होती की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. स्वतंत्र भारताने अशी अट न घालता प्रत्येक प्रौढाला मत दिले, आणि ते उचितच झाले. हक्क हा परीक्षा पास झाल्यावर मिळणारे बक्षीस नव्हे. पण त्या अटीमागचा विचार आजही डोळ्यांआड करण्यासारखा नाही. ज्याला हिशेबाचा कागद वाचता येत नाही, त्याच्या हाती कारभार आला तरी तो प्रत्यक्षात कागद वाचणाऱ्याकडेच राहतो.

फोनचेही तसेच आहे. माहिती नेण्याचा हक्क उद्या मिळाला, पण फाइल म्हणजे काय, ती कोठे असते, तिची प्रत कशी काढायची हे ठाऊकच नसेल, तर आपण पुन्हा दुकानदाराला 'तेवढे सगळे नव्या फोनमध्ये टाकून द्या' असे म्हणून फोन त्याच्या हाती देणार. त्यात घरातली छायाचित्रे असतात, खासगी संदेश असतात, याचा विसर पडतो. म्हणून आज्ञा टंकता येणे ही मी एक प्रकारची साक्षरता मानतो. सर्वांनी त्यात पंडित व्हावे असे नाही. सही करण्यापुरती आणि कागद वाचण्यापुरती तरी ती प्रत्येकाला यावी.

प्रत खरी कशावरून?

प्रत काढली म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नका. ती मूळाबरहुकूम आहे का, हे तपासायला हवे. याही बाबतीत औंधचे नाव एका मोठ्या कामाशी जोडलेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू केले, त्याला बाळासाहेब पंतप्रतिनिधींची प्रेरणा आणि आर्थिक साहाय्य होते. लेखनिकांनी शतकानुशतके हाताने नकला केल्यामुळे पोथ्यापोथ्यांत पाठभेद शिरले होते. संशोधकांनी १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली. हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. नक्कल करताना फरक पडतो, आणि तो शोधायला मूळ व नक्कल शेजारी ठेवून पाहावे लागते, हाच त्याचा धडा.

संगणकात हे ताडून पाहण्याची एक सुंदर युक्ती आहे. 'शा-२५६' नावाची गणिती रीत कितीही मोठ्या फाइलमधून ६४ चिन्हांचा एक ठसा काढते. फाइलमधले एकच अक्षर बदलले तरी ठसा पार बदलून जातो. जुन्या फोनमधील फाइलचा ठसा आणि संगणकातील प्रतीचा ठसा जुळला, की प्रत खरी समजायला हरकत नाही. सेकंदभराचे काम, पण त्यावाचून जुना फोन पुसू नये.

दुसरी तपासणी वाचता येण्याची. ही अडचण मराठी माणसाला चांगली परिचयाची आहे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकावर मराठी टंकताना निरनिराळ्या कंपन्यांचे फाँट वापरले जात, आणि कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवलेले असे. अशी जुनी फाइल आज उघडली आणि तो फाँट जवळ नसला, तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा निरर्थक चिवडा दिसतो. फाइल शाबूत, ठसाही जुळतो, पण वाचणार कसे? युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच ठरलेले क्रमांक आहेत. ते सर्वांनी स्वीकारले आणि ही पंचाईत पुढे राहिली नाही. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली माहिती शक्यतो अशा साध्या स्वरूपात ठेवावी की जी कोणत्याही अ‍ॅपला वाचता येईल. आकड्यांच्या तक्त्यासाठी 'सीएसव्ही' हे स्वरूप सर्वांत सोपे. त्यात स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असतात, बस्स. जर्मनीतील आखेन येथील तंत्रविद्यापीठात तयार झालेले 'फायफॉक्स' हे प्रयोगांचे अ‍ॅप लंबकाच्या किंवा ध्वनीच्या प्रयोगातील मोजमापे सीएसव्हीमध्ये बाहेर काढून देते. नोंदवहीचे अ‍ॅप निवडतानाही अशी 'एक्सपोर्ट'ची सोय आहे का, हे आधी पाहावे. आमच्या विद्यार्थिनीच्या अ‍ॅपमध्ये ती असेल, तर जुन्या फोनमध्ये तिने सीएसव्ही फाइल काढावी, 'पुल'ने संगणकात आणावी आणि ठसा ताडून पाहावा. नसेल, तर ५२ आकडे वहीत उतरवून काढावेत. जुन्या लेखनिकांनी तेच केले असते!

सावधगिरी आणि एक सूचना

काही पालक व शिक्षक म्हणतील, 'हे मुलांच्या हाती देणे धोक्याचे नाही का?' धोका आहे, म्हणूनच ते नीट शिकवले पाहिजे. यूएसबी डीबगिंग चालू ठेवणे म्हणजे मागचे दार उघडे ठेवणे. म्हणून ते फक्त आपल्या किंवा शाळेच्या विश्वासू संगणकाशी जोडतानाच चालू करावे आणि काम होताच बंद करावे. स्थानकावर, दुकानात, अनोळखी संगणकाला ही परवानगी कधीही देऊ नये. समाजमाध्यमांवरून आलेली एपीके फाइल बसवू नये. आपल्याच फोनमधून आपण काढलेली प्रत आणि कोठून तरी आलेली फाइल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. विकत घेतलेल्या अ‍ॅपच्या प्रती वाटणे हेही गैर आहे. आणि दुसऱ्याच्या फोनला त्याच्या संमतीवाचून हात लावू नये, हे वेगळे सांगायला नकोच.

शिक्षकांना माझी एक सूचना आहे. संगणकाच्या तासांपैकी दोन तास या कामासाठी काढावेत. त्यासाठी शाळेतला एक संगणक, एक केबल आणि कोणाच्या तरी घरी पडून असलेला जुना फोन एवढे पुरे. साधन तर मोफतच आहे. पहिल्या तासाला फोनमधील अ‍ॅप्सची यादी काढून दाखवावी. दुसऱ्या तासाला एक फाइल फोनमधून संगणकात आणावी, दोन्ही ठसे फळ्यावर लिहावेत आणि मुलांकडून एकेक चिन्ह ताडून घ्यावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही या महिन्यात एवढे करा. तुमच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः तयार केलेली, दुसरीकडे कोठेही नसलेली माहिती कोणकोणत्या अ‍ॅपमध्ये आहे, याची यादी वहीत करा. प्रत्येकीपुढे लिहा: बाहेर काढता येते की नाही? काढली तर दुसरीकडे वाचता येते की नाही? ज्यांच्यापुढे दोनदा 'नाही' येईल, त्या नोंदींची प्रत फोन बदलण्याची वेळ येईपर्यंत थांबू नका, आजच काढा.